श्वास किती वेळ रोखावा?

प्रश्न : माझे वय ४७ असून मी बँकेत नोकरी करते. मार्चमधल्या हिशेबांच्या धामधुमीत झोप उडाली, तेव्हा मुलीने मोबाइलवर श्वसनाचा एक सराव लावून दिला. त्यातील आवाजाबरोबर भराभर तीस खोल श्वास घ्यायचे, शेवटचा श्वास सोडून दीड मिनिट तसेच थांबायचे, मग एक श्वास भरून पंधरा सेकंद धरायचा, आणि हे सारे तीनदा करायचे. नंतर मन शांत वाटते हे खरे; पण करताना बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात आणि गेल्या आठवड्यात तर अंगठा तळहाताकडे वळून काही क्षण ताठरला. मोबाइलमधला आवाज म्हणतो की ही ऊर्जा जागी होत आहे. सासूबाई म्हणतात की कुंभक, म्हणजे श्वास रोखणे, गुरूशिवाय करू नये. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सासूबाईंचे ऐकावे, मात्र त्यांच्या म्हणण्यामागचे कारण आपण समजून घ्यावे, म्हणजे ते केवळ वडीलधाऱ्यांचा धाक म्हणून उरणार नाही.

श्वास रोखल्यावर जी घुसमट होते, ती प्राणवायू संपत आल्यामुळे होते असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात श्वास घेण्याची निकड मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे निर्माण होते. निरोगी माणसाचे रक्त शांत बसलेले असतानाही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते, त्यामुळे भराभर तीस श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्याने बाहेर टाकला जातो. धोक्याची सूचना देणारी घंटाच अशी काढून ठेवली, की दीड मिनिट थांबणे सोपे जाते. त्या दीड मिनिटाचे श्रेय आपल्या फुप्फुसांच्या ताकदीला किंवा मनोनिग्रहाला देण्याचे कारण नाही.

मुंग्यांचे मूळही तेथेच आहे. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की रक्ताची आम्लता घटते, रक्तातील मोकळे कॅल्शियम कमी होते आणि नसा व स्नायू अकारण उत्तेजित होऊ लागतात. बोटांची झिणझिण, ओठांचा बधिरपणा आणि वळलेला अंगठा ही त्याचीच क्रमाने वाढत जाणारी लक्षणे होत. त्याच वेळी मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून डोके हलके वाटते. याला ऊर्जा म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

आपण वर्णन केलेली पद्धत थंड पाण्यात उतरण्याच्या सरावासाठी ओळखले जाणारे नेदरलँड्समधील विम हॉफ यांच्या नावाने जगभर पसरलेल्या पद्धतीशी जुळते. २०१४ साली त्याच देशातील संशोधकांनी ही पद्धत शिकलेल्या तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि त्यात हा सराव चालू असताना त्यांच्या रक्तातील अ‍ॅड्रेनालिन लक्षणीय वाढल्याचे आढळले. म्हणजे ही क्रिया प्रथम शरीराला चेतवते. आपल्याला जाणवणारी शांतता मुख्यतः ती चेतना ओसरल्यानंतरची असावी. ज्याला थंड पाण्याला सामोरे जायचे आहे त्याने काय करावे हा वेगळा प्रश्न आहे. पण रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आणि रात्री झोप न येणाऱ्या व्यक्तीने निजण्यापूर्वी अ‍ॅड्रेनालिन वाढवावे, हे मला पटत नाही.

‘हे तर आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा मोह येथे होतो, आणि भस्त्रिकेनंतर, म्हणजे भात्यासारख्या भराभर श्वसनानंतर, केला जाणारा कुंभक पाहता त्यात तथ्यही आहे. परंतु हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाने सांगितलेल्या आठ कुंभकांपैकी एकाचे नावच मूर्च्छा आहे, आणि सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायूही हळूहळू वश करावा, नाही तर तो साधकाचाच घात करतो, अशी ताकीद त्याच ग्रंथात दिलेली आहे. सासूबाईंनी ‘गुरूशिवाय नको’ म्हटले ते यामुळेच. समोर बसलेला शिक्षक आपला उतरलेला चेहरा पाहून ‘पुरे’ म्हणतो. ध्वनिमुद्रित आवाज मात्र आपण पांढरेफटक पडलो तरी ‘आणखी दहा सेकंद’ असेच म्हणत राहणार.

मग काय करावे? पाठ टेकून खुर्चीत बसा आणि एक हात पोटावर ठेवा. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. बशीतल्या चहावर धरलेली साय सुरकुतू नये इतक्या हळुवारपणे आपण फुंकर घालतो, तसा हा उच्छ्वास असावा. फक्त तो नाकाने करावा. एक अंक म्हणजे साधारण एक सेकंद धरला तर एका श्वासाला दहा सेकंद लागतात, मिनिटाला सहा श्वास होतात आणि पाच मिनिटांत तीस. श्वास तीसच, पण घाई नाही. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून उच्छ्वास लांबवण्याला महत्त्व आहे. आमच्याकडच्या योगवर्गांत पूरक-रेचकाचे, म्हणजे श्वास घेण्या-सोडण्याचे, एकास दोन असे प्रमाण शिकवतात. तेथपर्यंत सावकाश पोहोचता येईल, पहिल्याच दिवशी तो हट्ट नको.

श्वास रोखायचाच असेल तर पंधरा दिवसांनी, श्वास भरल्यावर, दोन अंकांपुरता आणि नाक-गळा न आवळता रोखा. तो जास्त झाला की नाही हे घड्याळ सांगणार नाही, उच्छ्वास सांगेल : श्वास भसकन बाहेर पडला किंवा पुढचा श्वास ओढून घ्यावा लागला, तर रोखणे आपल्या कुवतीबाहेर गेले असे समजावे. दीर्घ काळ जोर लावून श्वास रोखल्याने रक्तदाब वाढतो, म्हणून आपल्या बाबतीत याहून पुढे जाऊ नये. हृदयविकार, अपस्मार, काचबिंदू किंवा गर्भारपण असेल त्यांनी कुंभक टाळलेलाच बरा. गोळी मात्र स्वतःच्या विचाराने बंद करू नका, आणि हात वळल्याची घटना आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. तलावात बुडी मारण्यापूर्वी काठावर असेच वीस-तीस श्वास घेतले तर पाण्याखाली बराच वेळ राहता येते. हा सराव वाढवत न्यावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात नाही, आणि आजच बंद करा. घंटा काढून ठेवल्याचे वर म्हटले आहे; पाण्याखाली त्याचा अर्थ असा, की श्वास घेण्याची निकड वाटण्याआधीच प्राणवायू धोकादायक पातळीखाली जातो आणि कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपते. काठावरच्या मित्रांना तुम्ही अजून बुडीच मारून बसला आहात असे वाटत राहते. पट्टीचे पोहणारेही असे दगावले आहेत. विहीर, तलाव, टबबाथ किंवा वाहन चालवणे, यांपैकी कोठेही हा प्रयोग करू नये.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. मी रोज सकाळी माळ घेऊन जप करतो. मुलगा म्हणतो, आता श्वसनाचे व्यायामही करा. दोन्ही करणे आवश्यक आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जप आपण कशा गतीने करता यावर ते अवलंबून आहे. इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींना एकदा लॅटिनमधून ‘आवे मारिया’ या ख्रिस्ती प्रार्थनेची जपमाळ आणि एकदा ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावला. तो अभ्यास २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. दोन्ही वेळी श्वासाची गती आपोआप मिनिटाला सुमारे सहावर आली, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्परतेने काम करू लागली. कोणी त्यांना श्वास मोजायला सांगितले नव्हते.

आपणही श्वास मोजू नये. सावकाश श्वास घ्यावा, नाम ओठांवर आणून सोडत्या श्वासावर पूर्ण म्हणावे आणि मगच मणी सरकवावा. या गतीने १०८ मण्यांना १८ मिनिटे लागतात. आपली माळ पाच मिनिटांत होत असेल तर जप झालाच, त्याबद्दल मी बोलणारा कोण. पण चिरंजीवांनी सुचवलेला व्यायाम मात्र त्यात झाला नाही.