स्मारकांचे पुतळे घडवून आयुष्य काढता येतं का? शिल्पकार करमरकरांसारखं नाव होतं का?

नाव विसरा. पुण्यातला १९२८ सालचा अश्वारूढ शिवपुतळा पाहिलेल्या दहा जणांना शिल्पकार कोण ते विचारा. सासवण्याचे विनायकराव करमरकर, हे उत्तर एखाद्याकडून आलं तर नशीब. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं महाराजांचं चित्र पाहून कलेक्टर रॉथफील्डने त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडलं, एवढी गोष्ट सगळ्यांना आवडते. माझगाव डॉकमध्ये तो अख्खा घोडा ओतताना त्यांच्या पोटात किती गोळा आला असेल, ते कुणी विचारत नाही.

पोट भरतं का? भरतं, पण कमिटी झेलता आली तर. आमच्या एका कामात क्ले मॉडेल पाहायला कमिटी आली. माती ओली राहावी म्हणून गुंडाळलेली फडकी मी सोडली, तर अध्यक्षांनी खिशातून मोबाईल काढला. टीव्ही मालिकेतल्या नटाचा फोटो. "चेहरा असा पाहिजे, तेज दिसलं पाहिजे." दुसरे म्हणाले, छाती वाढवा. तिसऱ्यांना घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत हवे होते, म्हणजे आतला लोखंडी सांगाडा पुन्हा पहिल्यापासून. मी ओठाच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून भुवईखालची थोडी माती काढली. सावली पडली, चेहरा करारी दिसायला लागला. "हां, आता कसं!" पाय खालीच राहिले. कला संचालनालयाची मंजुरीही त्याच मॉडेलवर मिळाली.

माझा थोरला भाऊ याला लाचारी म्हणतो. ड्रॉइंग टीचर झाला असतास तर पेन्शन मिळाली असती, हे त्याचं पालुपद. अरे, शाळेत हेडमास्तर नसतो का? तिथे तरी कुणाच्या मर्जीने वागायचं असतं? निदान माझं काम ऊनपावसात उभं आहे.

तुम्ही या धंद्यात येणारच असाल तर ओतकाम ओताऱ्यावर सोडून घरी बसू नका. ब्राँझमध्ये ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच टक्के, हे प्रमाण भट्टीपाशी उभं राहून तपासा. तांबं महाग, तिथेच हात मारला जातो. आणि शेवटचा हप्ता अनावरणाच्या आधी घ्या. हार पडले की फोन उचलत नाहीत.

घरात दुसरा पगार हवा, हेही खरं. बायकोची नोकरी होती म्हणून आमचं निभावलं. दादा तेवढं मात्र दर दिवाळीला ऐकवतो.