‘एलियन: रोम्युलस’ ही जुन्या चित्रपटांची नुसती नक्कल आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: जुने भाग न पाहता हा चित्रपट कळेल का, आणि ‘सगळं जुनंच परत दाखवलंय’ असं लोक म्हणतात ते खरं का. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, कळेल. दुसऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ही मालिका मला फार जवळची आहे आणि तो आरोप मला अर्धाच पटतो. पुढे शेवटासकट सगळी कथा येणार आहे, त्यामुळे पाहायचा असेल तर आधी पाहून या.

रिडली स्कॉट यांचा १९७९चा ‘एलियन’ २१२२ सालात घडतो आणि जेम्स कॅमेरून यांचा १९८६चा ‘एलियन्स’ २१७९मध्ये. फेदे अल्वारेझ यांनी २०२४च्या या चित्रपटासाठी मधलं २१४२ साल निवडलं. सूर्यप्रकाश कधीच पोचत नाही अशा एका खाणवसाहतीत रेन नावाची मुलगी राबते आहे. आईवडील खाणीतल्या आजाराने गेलेले. कराराचे तास भरले म्हणून ती सुटकेचा अर्ज घेऊन जाते, तर तिला सांगितलं जातं की मर्यादा आता २४,००० तासांवर गेली आहे, आणि तिची बदली थेट खाणीत. अजून एकही राक्षस पडद्यावर आलेला नसतो, तरी माझा जीव गुदमरला होता. ही मालिका मुळापासून कामगारांची आहे. पहिल्या चित्रपटातले लोकही मालवाहू यानावरचे पगारी नोकरच होते, आणि कंपनीने त्यांचे जीव कवडीमोल ठरवले होते. अल्वारेझना हे नेमकं उमगलंय.

मग रेन आणि तिचे तरुण सोबती वर तरंगणाऱ्या एका बेवारस अवकाशस्थानकातून शीतनिद्रेच्या पेट्या चोरायला निघतात, दुसऱ्या ग्रहावर पळून जाण्याच्या लांब प्रवासासाठी. स्थानकात मात्र या मालिकेतले परग्रहावरचे हिंस्र प्राणी असतात. चोरीसाठी आत शिरायचं आणि आतच अडकायचं, हा अल्वारेझ यांच्या ‘डोन्ट ब्रीद’चाच साचा. त्यांना तो छान जमतो, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

मला लिहायचंय ते अँडीबद्दल. अँडी हा रेनच्या वडिलांनी भंगारातून आणून दुरुस्त केलेला कृत्रिम माणूस, म्हणजे हुबेहूब माणसासारखा दिसणारा यंत्रमानव. तो अडखळत बोलतो, बाळबोध विनोद सांगतो, आणि त्याला एकच आज्ञा दिलेली आहे: रेनचं भलं पाहायचं. ती त्याला भाऊ मानते. स्थानकातली दारं उघडण्यासाठी मात्र वरच्या दर्जाची परवानगी लागते, म्हणून तिथल्या मोडक्या कृत्रिम अधिकाऱ्याची चिप काढून अँडीला बसवतात. त्याचं अडखळणं थांबतं, तो ताठ उभा राहतो, आवाज स्वच्छ होतो. आणि त्याची आज्ञा बदलते. आता तो कंपनीचं भलं पाहणार.

डेव्हिड जॉन्सन या अभिनेत्याने हा बदल केवळ डोळ्यांतून आणि मानेच्या ठेवणीतून दाखवलाय. पुढे के नावाची गरोदर मुलगी काचेच्या दारापलीकडे जीव तोडून हाका मारत असते, आणि अँडी दार उघडत नाही. दार उघडलं तर प्राणी आत येईल, हा त्याचा हिशेब चुकलेलाही नाही. त्याआधीच आपल्याला कळलेलं असतं की त्यांच्यातल्या एका मुलाची आई खाणीत अशीच गेली होती: बाकीच्यांना वाचवण्यासाठी एका कृत्रिम माणसाने दार बंद केलं होतं. या मालिकेत मी कितीतरी मृत्यू पाहिलेत, पण आपलाच भाऊ शांतपणे, बरोबर कारणं देत, दाराशी उभा आहे आणि हात हलवत नाही, एवढी भीती मला फार कमी वेळा वाटली. ही नक्कल नाही. पहिल्या चित्रपटातला कृत्रिम माणूस सुरुवातीपासून कंपनीचाच होता. इथे तो आपला असताना कंपनीचा होतो.

थरारातही नवं आहे. या प्राण्याचं रक्त म्हणजे आम्ल, यानाचा पत्रा खाऊन टाकणारं, त्यामुळे गोळी झाडणं म्हणजे स्वतःच्याच पायाखाली भोक पाडणं. पंचेचाळीस वर्षं सगळ्या चाहत्यांना हे पाठ आहे. रेन गुरुत्वाकर्षण बंद करते आणि मग गोळ्या झाडते. आम्लाचे थेंब हवेतच तरंगत राहतात आणि तिला त्यांच्यामधून अंग चोरत वाट काढावी लागते. जुन्या नियमातूनच नवा प्रसंग काढलाय, आणि सिक्वलने नेमकं हेच करावं असं मला मनापासून वाटतं. तोंडावर झेप घेणारे ते कोळ्यासारखे जीवही बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष बनवलेले आहेत. ‘एलियन्स’वर काम केलेल्या काही कारागिरांना त्यासाठी परत बोलावलं होतं. त्या जिवांचं वजन आणि ओलेपणा पडद्यावर जाणवतो.

आता आरोप खरा कुठे ठरतो ते सांगतो. तो मोडका अधिकारी, रूक. त्याला इयन होम यांचा चेहरा दिलाय, म्हणजे १९७९च्या चित्रपटात तो कृत्रिम माणूस साकारणाऱ्या अभिनेत्याचा. होम २०२० साली वारले. कुटुंबाच्या संमतीने हे केलं असलं, तरी तो चेहरा ओठांपाशी निर्जीव दिसतो, आणि प्रत्येक वेळी मी कथेतून बाहेर पडलो. दुसरा कुठलाही अभिनेता चालला असता. तसंच अँडीच्या तोंडी जुन्या चित्रपटांची नायिका रिप्ली हिचा ‘एलियन्स’मधला प्रसिद्ध संवाद घातलाय, ‘तिच्यापासून दूर हो’ अशा अर्थाचा. ते वाक्य रिप्लीच्या रागातून, एका पोरक्या मुलीवरच्या मायेतून आलं होतं. अँडीकडे स्वतःचं इतकं काही असताना त्याला उसनं वाक्य का द्यावं? मला ते खरंच लागलं. के त्या दारापलीकडून कशीबशी वाचते, आणि शेवटी तिच्या पोटी जन्मणारा तो उंच, फिकट जीव पाहूनही याच मालिकेतल्या १९९७च्या ‘रिझरेक्शन’ची आठवण येते, पण तिथे मी तक्रार करणार नाही. त्याचं ते हसणं मला नंतर बरेच दिवस आठवत होतं.

म्हणून माझं मत असं: हा चित्रपट जिथे जुन्यांना नमस्कार करायला थांबतो तिथे अडखळतो, आणि रेन-अँडीसोबत राहतो तिथे मालिकेतल्या चांगल्या भागांच्या शेजारी बसतो. निघताना रेनला ठाऊक असतं की जिथे जायचं त्या ग्रहावर कृत्रिम माणसांना जागा नाही, आणि अँडीला मागे सोडण्याचं तिने मनात जवळजवळ ठरवलेलं असतं. शेवटी ती त्याला स्वतःच्या हाताने पेटीत झोपवते आणि दुरुस्त करून देईन असं वचन देते.

वेळ असेल तर आधी १९७९चा पाहा. बाकीचे नंतर पाहिले तरी काही बिघडत नाही. खोली अंधारी ठेवा आणि आवाज मोठा, कारण या दोन्ही चित्रपटांत शांततेला फार काम आहे.