दोघं डावेच, मग ४२ साली फाटलं कशावरून?

प्रश्न: माझे आजोबा राष्ट्र सेवादलातले, म्हणजे समाजवादी. शेवटपर्यंत कम्युनिस्टांचं नाव काढलं की '४२ चे गद्दार' म्हणायचे. दोघंही डावेच ना, मग युद्धावरून एवढं का बिनसलं? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आजोबांचा राग मला कळतो, पण 'गद्दार' हा शब्द नाही पटत. १९३९ ला युद्ध सुरू झालं तेव्हा सगळ्यात कडक विरोध कम्युनिस्टांचाच होता, २ ऑक्टोबरला मुंबईत ९० हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला आणि पुढे त्यांचे नेते डांगे यांच्यासकट कितीतरी जण राजस्थानातल्या देवळीच्या कैद्यांच्या छावणीत डांबले गेले. मग २२ जून १९४१ ला हिटलर रशियावर चालून गेला नि वर्ष संपायच्या आत तेच युद्ध त्यांच्यासाठी 'लोकयुद्ध' झालं, म्हणजे आता इंग्रजांना अडवायचं नाही, गिरण्या चालू ठेवायच्या. पूर्वीचे कम्युनिस्ट एम. एन. रॉय तर आधीपासूनच सांगत होते की पहिला शत्रू फॅसिझम, आपले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांच्याच बाजूचे. आणि इकडे '४२ च्या 'चले जाव' चळवळीत एसेम जोशी, अच्युतराव पटवर्धन हे समाजवादी भूमिगत!

हिटलरबद्दल रॉय आणि कम्युनिस्ट बरोबरच होते, कम्युनिस्ट शाहीर अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला तो काही कुणी सांगितलं म्हणून नाही, आतून लिहिला. पण आपल्याच गावात गोळीबार चाललेला असताना लोकांना 'थांबा' म्हणणं चुकलंच. त्याहून वाईट म्हणजे समाजवाद्यांना 'पंचमस्तंभी', म्हणजे शत्रूला आतून मिळालेले, म्हणणं, समोरचा चुकतोय एवढं म्हणून भागलं असतं, तो विकला गेलाय म्हटलं की बोलणंच संपतं. समाजवाद्यांनीही 'सरकारचे हस्तक' म्हणून तेच केलं.

मला १९४२ च्या ८ ऑगस्टची रात्र सारखी आठवते. मुंबईत गवालिया टँकवर काँग्रेसचा 'चले जाव'चा ठराव झाला, विरोधात फक्त १३ मतं, कम्युनिस्टांची. गांधीजी बोलायला उठले आणि सुरुवातीलाच त्या तेराजणांचं अभिनंदन केलं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही म्हणाले, एवढी मोठी लढाई तोंडावर असताना! ते पुढे कुणालाच जमलं नाही.

१९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समितीत एसेम आणि डांगे एकाच व्यासपीठावर बसले. आजोबा त्या सभांना जायचे का, घरात कुणाला आठवत असेल तर विचारून बघा आणि मला जरूर कळवा.