किनारा सोडून जमिनीखाली कशाला?

प्रश्न : आम्ही येत्या ऑगस्टमध्ये जपानमधील नाओशिमा बेटावर तीन दिवस राहणार आहोत. समुद्रस्नान आणि विश्रांती हाच मुख्य हेतू आहे. तेथील चिचू कलासंग्रहालय पाहावे असे मला फार वाटते. परंतु पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी म्हणतात की, समोर एवढा समुद्र असताना जमिनीखालच्या अंधारात जाऊन चित्रे काय पाहायची? अर्धा दिवस त्यासाठी काढणे योग्य ठरेल का?

उत्तर : अवश्य काढावा. आपल्या घरच्यांचा आक्षेप ज्या अंधारावर आहे, तो अंधार तेथे फारसा नाहीच. सेतो अंतर्गत समुद्राकाठच्या टेकडीचे रूप बिघडू नये म्हणून वास्तुकार तादाओ आंदो यांनी 2004 मध्ये उघडलेली ही इमारत बहुतांशी जमिनीखाली बांधली. मात्र वरून मोकळ्या ठेवलेल्या चौकांतून आणि छतातल्या झरोक्यांतून दिवसाचा उजेड आत खोलवर पोहोचतो.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांची कमळतळ्याची पाच चित्रे ज्या दालनात आहेत, तेथे तर केवळ हाच उजेड आहे. दाराशी पादत्राणे काढून सपाता घालाव्या लागतात. पायाखाली पांढऱ्या संगमरवराचे, जेमतेम दोन सेंटिमीटरचे असंख्य चौकोनी तुकडे बसवलेले आहेत, आणि भिंतींचे कोपरे गोलसर असल्यामुळे नजर कोठेही न अडखळता थेट चित्रावर जाते. सूर्यावर ढग आला की चित्रातला जांभळा रंग गडद होतो आणि ढग सरला की पाणी पुन्हा उजळते. म्हणून या दालनात घाईने फेरी मारू नये, किमान वीस मिनिटे थांबावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सकाळभर समुद्रावर बदलत जाणारा उजेड पाहून आलेल्या डोळ्यांना हा बदल अधिक चांगला कळतो, असे मला वाटते.

मुलीला याच संग्रहालयातल्या, प्रकाशातून कला घडवणाऱ्या जेम्स टरेल यांच्या कलाकृती नक्की आवडतील. एका ठिकाणी भिंतीवर निळा आयत रंगवला आहे असे दुरून वाटते. काही पायऱ्या चढून जवळ गेल्यावर कळते की ती भिंत नसून आत शिरता येईल अशी, निळ्या प्रकाशाने भरलेली खोली आहे. हे तिला आधी सांगू नका. शिल्पकार वॉल्टर डी मारिया यांचा 2.2 मीटर व्यासाचा ग्रॅनाइटचा गोल आणि त्याभोवतीच्या सोनेरी मुलामा दिलेल्या लाकडी आकृतीही त्याच इमारतीत आहेत.

प्रवेशाची वेळ आगाऊ ऑनलाइन राखून ठेवावी. सोमवारी संग्रहालय सहसा बंद असते, त्यामुळे तीन दिवसांत सोमवार येत असल्यास आधी पाहून घ्या. प्रदर्शनाच्या दालनांत छायाचित्रे काढू देत नाहीत. ऑगस्टमधील दुपारचे ऊन वाळूवर सोसवत नाही, तेव्हा सकाळी पोहून, अंग व पाय स्वच्छ धुऊन, कोरडे कपडे घालून दुपारचे प्रवेशपत्र घेणे सर्वांत सोयीचे.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या जुन्या धक्क्याच्या टोकाशी असलेला जपानी कलाकार यायोई कुसामा यांचा पिवळा, काळ्या ठिपक्यांचा शिल्परूपी भोपळा सर्वांनी मिळून पाहावा. मूळ भोपळा 1994 मध्ये तेथे बसवला होता. 2021 च्या वादळात लाटांनी तो धक्क्यावरून ओढून नेला आणि पुढच्या वर्षी नवा घडवून त्याच जागी ठेवण्यात आला. तो पाहायला किनारा सोडावाच लागत नाही. एवढे करूनही मुलगी संग्रहालयाला नाहीच म्हणाली, तर तिला बळजबरीने नेऊ नका. तिला आईबरोबर पाण्यात राहू द्या आणि आपण एकटे जाऊन या.