स्टेडियमचा खर्च वाढला आणि अख्खा सीझन गेला

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. मीही तिथूनच एम.एस. केलं, त्यामुळे कॉलेज फुटबॉलचं वेड घरात जुनं आहे. कॅम्पसवर नवं फुटबॉल स्टेडियम बांधलं जातंय. पहिली मॅच या सप्टेंबरला व्हायची होती. आता पत्र आलंय, की खर्च जवळपास एक पंचमांशाने वाढला, काही कामं थांबवून फेरआखणी सुरू आहे आणि उद्घाटन पुढच्या वर्षी होईल. मुलीच्या बिलात स्टेडियमची फी मात्र पहिल्या सेमिस्टरपासून लागते आहे. मला तर सरळ दिसतंय की कुणीतरी पैसे खाल्ले. शिवाय, काम तीन महिने मागे आहे असं तेच म्हणतात, मग उशीर एक वर्षाचा कसा? मुलगी स्टुडंट सिनेटमध्ये आहे. तिने काय विचारावं?
एक वाचक, मिडवेस्ट

उत्तर : पैसे खाल्ले की नाही हे मला इथे बसून कळणार नाही. पण अमेरिकेत २६ वर्षं मी इमारतींच्या खर्चाचे अंदाज काढले, त्यातली शेवटची ९ वर्षं खेळाच्या स्टेडियमवर गेली. त्या जोरावर एवढं सांगते, की आकडा एक पंचमांशाने वाढायला चोर लागत नाही. बहुतेक वेळा पहिला आकडाच खरा नसतो.

तो आकडा कधी जाहीर होतो ते बघा. तेव्हा ड्रॉइंग झालेली नसतात, जमिनीखाली काय आहे ते तपासलेलं नसतं. हातात असतं एक रंगीत चित्र आणि सीटमागे अमुक डॉलर असा हिशेब. देणगीदारांपुढे आणि विश्वस्तांपुढे काहीतरी आकडा ठेवावा लागतो, म्हणून तो ठेवला जातो. एकदा वर्तमानपत्रात छापून आला की तोच ‘बजेट’ होतो. मी स्वतः असा आकडा काढून दिलेला आहे. कागदावर खाली लिहिलं होतं, की यात फर्निचर, स्कोअरबोर्ड, आर्किटेक्टची फी आणि रस्त्याखालच्या पाइपलाइन धरलेल्या नाहीत. पत्रकार परिषदेत ती ओळ कुणी वाचली नाही. पुढे त्याच गोष्टींसाठी पैसे मागितले गेले तेव्हा सगळे म्हणाले, खर्च वाढला. खर्च वाढला नव्हता, तो आधी सांगितलाच नव्हता. ती ओळ ठळक अक्षरात वर का लिहिली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मिनेसोटा विद्यापीठाचं उदाहरण घ्या. १९८२ पासून त्यांचा संघ कॅम्पस सोडून मिनिआपोलिसच्या मेट्रोडोम या स्टेडियममध्ये खेळत होता. परत कॅम्पसवर यायचं ठरलं, तेव्हा २००५ मध्ये आकडा होता २३.५ कोटी डॉलर. त्या वर्षी विधिमंडळाने कायदा केला नाही. २००६ च्या मे महिन्यात केला, तोवर आकडा २४.८ कोटींच्या आसपास गेला होता, आणि शेवटी तो २८.८५ कोटींवर थांबला. पहिली मॅच २००८ ऐवजी १२ सप्टेंबर २००९ ला झाली. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. राज्याचा वाटा वर्षाला १.०२५ कोटी डॉलर, जास्तीत जास्त २५ वर्षं, असा कायद्यातच बांधलेला होता. म्हणजे वाढलेल्या खर्चासाठी पुन्हा राज्याच्या दारात जाता येणार नव्हतं, तो विद्यापीठालाच उभा करायचा होता. विद्यार्थ्यांची फीही वर्षाला २५ डॉलर अशी ठरलेली होती. वाढ कुणाच्या खिशातून जाणार हे आधीच लिहिलेलं असलं की निदान भांडणात वेळ जात नाही.

आता तीन महिन्यांचं एक वर्ष कसं होतं ते सांगते. ऑफिसची इमारत तीन महिने उशिरा झाली तर तुम्ही तीन महिने उशिरा राहायला जाता. फुटबॉलचं तसं नाही. सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि घरच्या मैदानावरच्या मॅच असतात सहा किंवा सात. थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेर, सगळं आटोपतं. सीझन तिकिटं वसंत ऋतूतच विकावी लागतात, आणि तिकिटावर सीट नंबर असतो. तो नंबर नव्या स्टेडियमचा की जुन्या, हे फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरवावं लागतं. त्या वेळी कंत्राटदार म्हणाला की नोव्हेंबरपर्यंत होईल, तर विद्यापीठाकडे जुन्या मैदानावर आणखी एक सीझन काढण्याशिवाय मार्ग नसतो. उरलेले नऊ-दहा महिने स्टेडियम तयार असूनही रिकामं राहतं.

आणि रिकामं स्टेडियम फुकट नसतं. बांधकामाचे पैसे बाँड, म्हणजे कर्जरोखे, विकून उभे केलेले असतात, आणि विकले त्या दिवसापासून व्याज सुरू होतं. बांधकाम चालू असेपर्यंतचं व्याज बहुधा कर्जाच्या रकमेतच धरलेलं असतं, पण ते ठरलेल्या उद्घाटनापर्यंतच. पुढचं व्याज गेटचं उत्पन्न नसताना भरावं लागतं. त्यात जुन्या मैदानाचा खर्च. काम जितके महिने लांबेल तितके महिने क्रेनचं भाडं, साइटवरच्या ऑफिसचा खर्च, सुपरवायझरचे पगार. खर्च वाढला म्हणून उशीर झाला आणि उशीर झाला म्हणून खर्च वाढला, अशी ती गाठ आवळत जाते.

पण मुळात खर्च वाढला म्हणून काम थांबतंच का? कारण मंजूर रकमेच्या वर एक डॉलर खर्च करायचा अधिकार साइटवरच्या कुणालाही नसतो. वाढीव रक्कम विश्वस्त मंडळापुढे जाते. मंडळाची बैठक दोन-तीन महिन्यांनी असते. तोवर ड्रॉइंग परत आर्किटेक्टकडे जातात, काय कापता येईल ते शोधायला. स्टील किंवा प्रीकास्टच्या (आधीच ओतून आणलेल्या काँक्रीटच्या) पायऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात तुमची पाळी गेली की ती परत मिळायला आणखी वेळ. आमच्या एका कामात प्रीकास्टसाठी तीन निविदा येतील असं मी धरलं होतं, आली एकच. त्या दिवशी दुपारी दोन वाजून गेले तरी आम्ही सगळे मेलबॉक्सकडे बघत बसलो होतो. एकच निविदा आली की भाव त्याचा, वेळही त्याची.

तुमच्या मुलीसाठी सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे ‘गॅरंटीड मॅक्सिमम प्राइस’. साइटवर सगळे जीएमपी म्हणतात. ड्रॉइंग बऱ्यापैकी झाली की कंत्राटदार लिहून देतो, की या रकमेच्या वर गेलं तर माझं नुकसान. त्यातून दोन गोष्टी सुटतात : मालकाने सांगितलेले बदल, आणि जमिनीखाली निघालेलं अनपेक्षित काही. अडचण अशी, की सीझन गाठायच्या घाईत जीएमपीवर सही व्हायच्या आधीच खोदकाम सुरू होतं, पायाचे खांब (पाइल) ठोकले जातात, स्टीलची ऑर्डर जाते. म्हणजे पैसे जमिनीत गेलेले असतात आणि शेवटची किंमत अजून कुणालाच माहीत नसते. तुमच्या विद्यापीठात असंच झालं असेल, असा माझा कयास आहे.

तर तिने विचारावं : जीएमपीवर सही कोणत्या तारखेला झाली, आणि त्या दिवसापर्यंत किती खर्च झालेला होता? त्यानंतरची वाढ ‘चेंज ऑर्डर’ने, म्हणजे कामातल्या बदलाच्या लेखी आदेशाने, आली असेल तर प्रत्येक बदल कुणी मागितला? कंटिन्जन्सीत, म्हणजे अनपेक्षित खर्चासाठी राखून ठेवलेल्या रकमेत, आज किती शिल्लक आहे? दरमहा येणाऱ्या खर्चाच्या अहवालात हे सगळं असतं. राज्य विद्यापीठ असल्याने त्या राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली तो अहवाल लेखी मागता येतो. “घोटाळा झाला का” असं विचारलं तर “नाही” एवढंच उत्तर येईल. तारखा मागितल्या तर कागद येतील. खरंच कुणी पैसे खाल्ले असतील, तर तेही याच कागदांत सापडेल.

फीबद्दल तिने वेगळा प्रश्न लावून धरावा. देणग्या कमी पडल्या तर फी वाढणार नाही, असं कुठे लिहून दिलंय का? कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात २०१२ मध्ये अट होती, की निम्मे पैसे देणग्यांतून आले तरच स्टेडियम. दोन वर्षांत तेवढे जमले नाहीत. अट बाजूला राहिली, २०१४ च्या डिसेंबरमध्ये बाँडवर बांधायला मंजुरी मिळाली आणि २०१७ मध्ये २२ कोटी डॉलरचं स्टेडियम उघडलं. ते चुकलं असं मी म्हणत नाही. पण विद्यार्थ्यांना दिलेला शब्द कागदावर नसेल तर तो असाच बाजूला राहू शकतो.

प्रश्न : खर्च कमी करायचाच आहे तर आधी श्रीमंतांचे लक्झरी सूट, म्हणजे मॅच बघायच्या आलिशान खोल्या, का कापत नाहीत?
एक वाचक

उत्तर : कारण बाँडचे हप्ते त्यांच्यातूनच जायचे असतात. सूट कापला की कर्ज फेडायचा मार्ग कापला जातो. हा मार्गही पक्का नसतो. बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठाचं स्टेडियम हेवर्ड फॉल्ट या भूकंपप्रवण भेगेवर उभं आहे. भूकंपाच्या दृष्टीने ते नव्याने बांधायला ३२.१ कोटी डॉलर लागले, २०१२ मध्ये ते पुन्हा उघडलं. महागड्या सीट पन्नास-पन्नास वर्षांसाठी विकून पैसे येतील असा बेत होता. तेवढ्या विकल्या गेल्या नाहीत, आणि त्या कर्जाचा काही भाग २११३ सालापर्यंत चालणार आहे.

मग कापतात काय? विटांचं काम, कॉन्कोर्सची (सीटमागच्या ये-जा करायच्या मार्गाची) रुंदी, छप्पर, आणि विद्यार्थी ज्या बाजूला बसतात तिथल्या सोयी. याला ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग’ म्हणतात. माझ्या शेवटच्या स्टेडियमच्या वेळी अशा एका बैठकीत विद्यार्थी स्टँडमागची बायकांची स्वच्छतागृहं बांधकामाच्या नियमांनी (कोडने) सांगितलेल्या किमान संख्येवर आणायचं ठरलं. मी विरोध केला, किमान म्हणजे पुरेसं नव्हे असं दोनदा सांगितलं. त्या यादीतली ती सगळ्यात लहान रक्कम होती. तरीही ती कापली गेली. उद्घाटनाच्या मॅचला मी गेले होते, आणि हाफटाइम संपून तिसरा क्वार्टर निम्मा झाला तरी मुली तिथे रांगेत उभ्या होत्या.