'लगून'ला मराठीत काय म्हणावं? चिलिकाच्या निमित्ताने

लगून म्हणजे वाळूच्या पट्टीने किंवा प्रवाळाने समुद्रापासून अलग झालेलं पाणी, आणि ओडिशातलं चिल्का हे त्यातलंच. प्रश्न असा आहे: त्याला सरोवर म्हणावं, खाडी म्हणावं की खाजण? आणि नाव चिल्का की चिलिका?

नाव चिलिका. ओडियात मधला 'लि' पुरता उच्चारतात. 'चिल्का' हे जुन्या इंग्रजी लेखनातलं रूप आपल्याकडे रुळलं. ओडिया लोक त्याला 'चिलिका ह्रद' म्हणतात. संस्कृत 'ह्रद'मधल्या अक्षरांची अदलाबदल होऊन प्राकृतात 'द्रह' झाला आणि त्यातून आपला 'डोह' आला. नातं जवळचं असलं तरी मराठीत डोह म्हणजे नदीतली खोल जागा. चिलिका उथळ आहे आणि पसरलेली आहे: उन्हाळ्यात सुमारे ९०० चौ. किमी, पावसाळ्यात ११०० च्या वर.

'खाडी' चालणार नाही. खाडी म्हणजे नदीच्या मुखातून आत शिरलेली समुद्राची जीभ. धरमतर, वसई, दाभोळ आठवा. तिथे भरती-ओहोटी मोकळेपणाने आत-बाहेर करते. चिलिका आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये वाळूची लांब पट्टी आहे, आणि पाणी जातं-येतं ते अरुंद मुखातून. ही पट्टी नकाशापुरती नाही. १८०३ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडून ओडिशा घ्यायला गंजामहून निघालेलं इंग्रज सैन्य चिलिका आणि समुद्र यांच्यामधूनच पुरीकडे गेलं.

'खाजण' हा शब्द भूगोलाच्या पुस्तकांत लगूनसाठी भेटतो, पण मला तो पटत नाही. कोकणात आणि गोव्यात खाजण म्हणजे भरतीचं पाणी चढणारी खारी दलदल, किंवा बांध घालून, मानशीने, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दाराने, पाणी अडवून-सोडून लागवडीला आणलेली जमीन. ज्यात भात पिकतं तो शब्द पाण्याच्या विस्ताराला लावला तर कोकणातला वाचक चुकीचं चित्र उभं करणार.

'खाऱ्या पाण्याचं सरोवर' बरोबर, पण अपुरं. लोणारही खारंच आहे, आणि त्याचा समुद्राशी काही संबंध नाही. शिवाय चिलिका सगळीकडे सारखी खारी नाही. उत्तरेला दया, भार्गवी या महानदीच्या फाट्यांचं पाणी येतं, म्हणून पावसाळ्यात तिथे जवळजवळ गोडं पाणी असतं. मुखाजवळ ते समुद्राइतकं खारं होऊ शकतं.

म्हणून शास्त्रीय लेखनात मी 'खारकच्छ' वापरतो. संस्कृतात 'कच्छ' म्हणजे पाणथळ काठ. त्याला 'खार' जोडलं की समुद्राशी नातं दिसतं. प्रवाळी कंकणद्वीपाच्या, म्हणजे कड्यासारख्या गोल बेटाच्या, पोटातल्या पाण्यालाही तो चालतो. पहिल्यांदा वापरताना मात्र 'खारकच्छ, म्हणजे वाळूच्या पट्टीने किंवा प्रवाळाने समुद्रापासून अलग झालेलं पाणी' असं एकदा सांगावं, नाहीतर वाचक गुजरातेत पोचतो. वर्तमानपत्रात सरळ 'लगून' लिहिलं तरी काही बिघडत नाही.

व्याख्येत 'अलग' म्हणावं, 'तुटलेलं' नको. मुख हा खारकच्छाचा प्राण आहे. किनाऱ्यालगत वाहणारी वाळू चिलिकाचं मुख ईशान्येकडे ढकलत आणि बुजवत राहते. मुख दूर गेलं की समुद्राला जोडणारी वाट लांबते, भरतीचा जोर आत पोचत नाही, खारटपणा उतरतो, पाणवनस्पती माजतात आणि मासळी घटते. १९९० च्या दशकात हेच झालं, आणि १९९३ मध्ये धोक्यातल्या रामसर (म्हणजे रामसर कराराखालच्या, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या) पाणथळींच्या यादीत चिलिकाचं नाव गेलं. सप्टेंबर २००० मध्ये सिपाकुडाजवळ पट्टी कापून नवं मुख उघडलं, वाट सुमारे १८ किमीने आखूड झाली, मासळी परतली आणि २००२ मध्ये नाव त्या यादीतून निघालं.