बार कॉर्डसाठी पंजा लहान पडतो का?

चार महिने झाले तरी गिटारवर एफ ही बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं ठेवून धरायची कॉर्ड) लागत नाही, क्लासचे सर म्हणतात तुमचा पंजाच लहान आहे, तर गिटार सोडून युकुलेले घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. ‘पंजा लहान आहे’ एवढंच वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. हे वाक्य मी सतराव्या वर्षी ऐकलंय आणि त्यापायी माझं अख्खं वर्ष गेलंय.

मी भुसावळची. दर रविवारी सकाळच्या गाडीने जळगावला क्लासला जायचे, गर्दीत गिटार पोटाशी धरून. जी, सी, डी, ई मायनर महिनाभरात बसले. एफ आली आणि सगळं अडलं. पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार मुकी, दुसरी फरफरणारी, अंगठ्याच्या मुळाशी गोळे यायचे. सरांनी माझा पंजा स्वतःच्या पंजाला लावून बघितला आणि चारचौघांत सांगितलं, मुलींना बार जमत नाही, तू कॅपो (गिटारीच्या मानेवर लावायचा चिमटा) लावून सोपी गाणी वाजव. गॅदरिंगला माझ्या जागी दुसरा मुलगा बसला. वर्षभरात त्यांनी माझी गिटार एकदाही हातात घेऊन वाजवली नाही. माझा राग त्यावर आहे, आजही.

ती हातात घेतली आमच्या शेजारच्या काकांनी. रेल्वेतून निवृत्त झालेले, चर्चमध्ये गिटार वाजवायचे. पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) बार धरला आणि लगेच हात काढला. म्हणाले, “बेटा, हिच्यावर मलासुद्धा एफ लागत नाही.” मग त्यांनी सगळ्यात जाड, म्हणजे सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरली आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली उरलेली फट मला दाखवली. तिथे केसाएवढी फट पुरते. माझ्या गिटारीत दुमडलेलं पोस्टकार्ड आरामात सरकलं. नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, उंच होता, आणि एफ नेमकी नटाला चिकटून धरायची असते, म्हणून सगळा त्रास तिथेच. बाराव्या फ्रेटवर शाळेची पट्टी लावली तर जाड तार साडेतीन मिलिमीटर वर. ती अडीचच्या आसपास हवी.

काका मला त्यांच्या ओळखीच्या सोनाराकडे घेऊन गेले. त्यांच्याकडे सुईसारख्या बारीक कानशी होत्या. तारेच्या जाडीप्रमाणे कानस निवडायची, खाचेत दोन घासे मारायचे, तार बसवून फट बघायची, परत दोन घासे. सोन्याचा कीस वाया जाऊ नये म्हणून मांडीवर कातडं पसरलेलं असतं ना, त्यावर नटाची पांढरी भुकटी पडत होती. मी श्वास रोखून बसले होते. सॅडल, म्हणजे दुसऱ्या टोकाला तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, काकांनी घरी काचेवर सँडपेपर ठेवून खालून घासलं. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल दोन मिलिमीटर कमी करावं लागतं. बारा नंबरच्या जाड तारा काढून दहा नंबरच्या बारीक लावल्या.

त्याच संध्याकाळी एफची पहिली तार बोलली. पूर्ण कॉर्ड स्वच्छ यायला पुढे दोन महिने लागले, पण ते दोन महिने शिकण्यात गेले, रडण्यात नाही.

तंत्राचं सांगायचं तर पहिलं बोट, म्हणजे तर्जनी, सहाही तारा दाबत नसतं. एफमध्ये पाचवी, चौथी, तिसरी बाकीच्या बोटांकडे असते, पहिल्या बोटाला फक्त सहावी, दुसरी आणि पहिली सांभाळायची. बी मायनरमध्ये तर पाचवी आणि पहिली, दोनच. बोट जरा अंगठ्याच्या बाजूला कलतं करा, म्हणजे मांसाऐवजी हाडाची कड लागते. तार पेराच्या घडीत जात असेल तर बोट थोडं वर-खाली सरकवा. सुरुवात पाचव्या फ्रेटवर करा आणि रोज एकेक फ्रेट नटाच्या दिशेने या. अंगठ्याने चिमटा काढू नका, कोपर जरा मागे ओढून हाताचं वजन द्या. हे मला आईने सांगितलं. तिला गिटारीतलं काही कळत नाही, पण आखाजीला दोन्ही हातांवर मांडा फिरवणारी बाई ती. माझा हात बघून म्हणाली, “मूठ कशाला आवळतेस? खांदा सोड.”

आता तुमच्या सरांचं. पुढच्या क्लासला तुमची गिटार त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, सर, एफ वाजवून दाखवा. त्यांच्या गिटारीवर नाही, तुमच्या. पंजाचं काय ते त्यानंतर बोलू द्या. मी हे कधी विचारलं नाही. क्लास सुटला आणि ते राहूनच गेलं.

युकुलेले आवडत असेल तर जरूर घ्या, पण एफला घाबरून नको.

नट स्वतः घासायला जाऊ नका. खाच जास्त खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागून फरफरते आणि मग नवाच नट बसवावा लागतो. मनगटात मुंग्या आल्या तर त्या दिवशी थांबा, दहा मिनिटांचा सराव पुष्कळ झाला. तुमची गिटार नायलॉन तारांची असेल तर तिची मान मुळातच रुंद असते, तिथे लहान पंजाला खरंच जास्त कष्ट पडतात, हे मान्य करते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात गिटार पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, उन्हाने डिंक सैल पडून ब्रिज (सॅडल बसवलेली लाकडी पट्टी) उचलला की तारा परत वर जातात.

बाराव्या फ्रेटचं माप घेऊन इथेच लिहा, मी बघते.